अकरा गोळ्यांची भरपाई

हवालदार नाथाजी मोहिते १९४७ सालच्या दिवाळीच्या तोंडावर, एका शनिवारी सकाळी, चहा यायच्या आधी सांगलीच्या दवाखान्यात वारला.

असं काही झालेलं नाही. निदान साळूबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं तसं आहे, आणि गोष्ट तिची असल्यामुळं आपल्यालाही तसंच धरून चालणं भाग आहे. तेव्हा नाथाजी जिवंत आहे. आष्ट्यापासून दोन कोसांवरच्या आपल्या गावात, घरापुढच्या कट्ट्यावर, डावा पाय उशीवर ठेवून तो बसला आहे. महिना भाद्रपदाचा. आणि त्याच्या हनुवटीतून रक्त येतंय.

गुंडा न्हाव्याचा वस्तरा सकाळी तीळभर लागला होता. आता दिवस कलला होता. गुंडाची तुरटी लावून झाली, साळूबाईची हळद लावून झाली, शेजारच्या हरणाबाईनं छपरातलं कोळ्याचं जाळं आणून तेही चिकटवून झालं. रक्त आपलं निवांत येत होतं, जसं काही त्याला आज दुसरीकडं कुठं जायचंच नव्हतं.

नाथाजी मात्र खूश होता.

"बघ साळे, दवा लागू पडली," तो म्हणाला. "मेजरसाहेब बोललाच हुता, खून पतला होगा."

"आवं, पतलं म्हंजे किती? त्याला काय माप हाय का न्हाई?"

"ते वरचं लोक बघत्यात," नाथाजी म्हणाला, आणि सदऱ्यावर पडलेला थेंब त्यानं फलटणीचं निशाण बघावं तसा कौतुकानं बघितला.

या दवेची हकीकत अशी. नाथाजीचा पाय लढाईत, इटलीत मोडला. चार महिने तो प्लास्टरात राहिला आणि आतल्या आत पायाची शीर गोठली. घरी आला तेव्हा पाय ताकाच्या डेऱ्याएवढा होता. साताऱ्याला त्या वेळी घरी परतलेल्या शिपायांसाठी एक तात्पुरता लष्करी दवाखाना उघडला होता. तिथला गोरा मेजर सांगायचा की रक्ताची गुठळी पायातून सुटली की छातीत जाते आणि माणूस उभ्या उभ्या संपतो. नाथाजीला ते सांगायची गरज नव्हती. इटलीतल्या इस्पितळात त्याच्या शेजारच्या खाटेवरचा गडी असाच हसत हसत उठला होता आणि दारापर्यंत पोचला नव्हता. म्हणून मेजरनं गोळी सुरू केली, रोज एक. नवीनच निघालेलं औषध होतं, रक्त गोठू न देणारं.

गोळीच्या जोडीला एक काचेची नळी होती. दर आठव्या दिवशी नाथाजीनं कोळशावरच्या मोटारीत बसून साताऱ्याला जायचं, मेजरनं दंडातून रक्त काढायचं, नळीत घालून घड्याळ लावायचं आणि किती वेळात गोठतंय ते बघायचं. मग कधी तो म्हणायचा, रोज एकच. कधी म्हणायचा, आठवडाभर अर्धी. एकदा तर चार दिवस बिलकुल बंद. साळूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एवढं तिला कळलं होतं की खरा डॉक्टर ती नळी आहे, मेजर नुसता तिचा निरोप सांगतो.

जुलैच्या शेवटी मेजर विलायतेला निघाला. त्यानं दोनशे गोळ्यांचा डबा नाथाजीच्या हातात दिला आणि सांगितलं, "रोज एक. नया डॉक्टर आएगा. ऊपर से हुकम आने तक बंद नहीं करना. कहीं से खून निकले तो इधर रिपोर्ट करो."

नाथाजीनं सलाम ठोकला. मेजर नळी घेऊन गेला.

पुढं पंधरा दिवसांनी देश स्वतंत्र झाला. आष्ट्याला झेंडा लागला, पेढे वाटले गेले. दीडशे वर्षं ज्यांनी हुकूम दिले ते सगळे आपापले हुकूम घेऊन गेले. राहिला तो एकच, रोज एक.

*

हनुवटी दुसऱ्या दिवशी थांबली. मग हिरड्या सुरू झाल्या. नाथाजी कडुनिंबाच्या काडीनं दात घासायचा आणि पान खाल्ल्यासारखा थुंकायचा. मग अंगावर डाग उठू लागले. खांब लागला की डाग, खाटेची कड लागली की डाग. जांभळे, काळे, तळहाताएवढे. तो उघड्या अंगानं आडावर अंघोळीला बसला की गाव बघायचं, आणि गावानं काय निष्कर्ष काढायचा तो काढला.

हरणाबाई एक दिवस पीठ मागायच्या निमित्तानं आली आणि चुलीपाशी टेकली.

"साळूबाई, एक इचारू? कशानं मारतीस गं?"

"कुणाला?"

"आता आमच्यापाशी कशाला लपवतीस. लाटण्यानं का फुकणीनं? न्हाई, आवाज कसा बाहीर येत न्हाई एवढंच इचारायचं हुतं."

साळूबाईनं तिला पीठ दिलं आणि घालवलं. पण त्या आठवड्यात गावातल्या तीन बायका तिच्याशी फार अदबीनं बोलल्या, आणि ती रस्त्यानं जाताना दोन पुरुष बाजूला झाले. दुसऱ्या एखादीला बरं वाटलं असतं. साळूबाई रोज सकाळी नवऱ्याच्या पाठीवरचे डाग मोजायची. सहा वर्षं तिनं त्याची वाट बघितली होती, आणि आता तो समोर बसून थेंबाथेंबानं चालला होता.

लघवीला लाल झालं तेव्हा नाथाजी स्वतःच म्हणाला, "आता रिपोर्ट करायला पायजे." साळूबाई त्याच्याबरोबर निघाली. सातारा तिनं पहिल्यांदा बघितला तो असा.

दवाखान्याला कुलूप होतं. खिडकीतून आतली खुर्ची टेबलावर उलटी ठेवलेली दिसत होती. शेजारच्या पडवीत एक चौकीदार बिडी ओढत बसला होता.

"साहेब तर कवाच आगबोटीत बसला," तो म्हणाला.

"बदली कोण आलाय?" नाथाजीनं विचारलं.

"यील की."

"कवा?"

"सरकारचं काम हाय. यील."

नाथाजीनं टोपी सारखी केली. दुखरा पाय जवळ घेतला, कुलपापुढं ताठ उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "हवालदार नाथाजी मोहिते. हिरड्यातून, लघवीतून खून. रिपोर्ट करतोय, साब!" कुलपाला सलाम केला, मागं वळला आणि समाधानानं म्हणाला, "चला. झालं काम."

चौकीदारानं बिडी विझवली आणि उठून उभा राहिला. का ते त्यालाही कळलं नाही.

परतीच्या मोटारीत साळूबाई पदर तोंडाला लावून बसली होती. "आवं, आता तरी बंद करा. त्यो न्हाई, नळी न्हाई. इचारणार कुणाला?"

"म्हनूनच बंद करता येत न्हाई. बंद करायला हुकूम लागतो. चालू ठेवायला काय लागत न्हाई."

तरी घरी आल्यावर त्यानं फलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज टाकला, की गोळीबाबत पुढील हुकूम व्हावा.

*

साळूबाईनं आधी सरळ मार्ग धरला. गावात नाथाजीपेक्षा वरच्या हुद्द्याचा माणूस एकच होता, पेन्शनीतले सुभेदार लालासाहेब. पहिल्या लढाईतले. ती त्यांच्या पाया पडली. सुभेदारांनी पेटीतला कोट काढला, बिल्ले लावले आणि दुपारी तिच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"हवालदार नाथाजी!"

नाथाजी खाटेवरून उठून ताठ झाला.

"गोळी बंद!"

"माफी असावी साब," नाथाजी म्हणाला. "आपण लढाऊ खात्याचं. ही बाब मेडिकलची. दुसऱ्या खात्याचा हुकूम मला मानता येत न्हाई."

"बरोबर हाय," सुभेदार म्हणाले. "शाबास." चहा पिऊन ते परत गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले की असली शिस्त आता राहिली नाही.

मग ती वजीरकडं गेली.

वजीर शिंपी लढाईत त्याच फलटणीत दर्जी होता. आता चावडीशेजारी त्याचं मशीन होतं. फौजेत इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहितात, तसं लिहिता येणारे गावात दोघंच: एक नाथाजी, दुसरा वजीर.

"वैनी, हे बेकायदा हाय," तो म्हणाला.

"उसवल्यालं शिवताना कायदा बघतोस व्हय रं?"

वजीरनं कात्री खाली ठेवली. "त्यो माझा दोस्त हाय, वैनी. उद्या त्याला कळलं तर?"

"कळायला त्यो जित्ता ऱ्हायला पायजे. कळू दे की मग."

वजीरनं कागद काढला आणि हुकूम लिहिला: हवालदार नाथाजी मोहिते यांनी गोळी घेणं आजपासून बंद करावं. खाली अशी सही केली की ती कुणाचीही असू शकेल. अडलं ते शिक्क्यावर. गावात रबरी शिक्का एकच होता, कोंडवाड्याचा. मोकाट जनावर कोंडलं की तिथला राखणदार तात्याबा तो कागदावर मारायचा. वजीरनं तो मागून आणला, शाई दुप्पट लावली आणि मारता मारता मनगट फिरवलं. कागदावर जांभळं लडबडलेलं काहीतरी उठलं.

"हे काय वाचता येतंय?" साळूबाई म्हणाली.

"खऱ्या शिक्क्याचं तरी काय वाचता येतं?"

पोस्टमन नानासोनं, सगळं माहीत असून, ते पाकीट सरकारी तोऱ्यात आणून दिलं. नाथाजीनं ते उघडलं. एकदा वाचलं. मग शिक्का उजेडात धरून बराच वेळ बघितला. साळूबाई चुलीपुढं पाठ करून बसली होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती.

"हुकूम आलाय," नाथाजी म्हणाला. "बंद."

*

गोळीशिवाय अकरा दिवस गेले.

पाठीवरचे डाग आधी हिरवे झाले, मग पिवळे, मग कुठं होते ते सांगता येईना. हिरड्या थांबल्या. पण साळूबाईला दुसरी भीती होतीच. ती सकाळी उठली की सुतळीनं त्याच्या पोटरीचं माप घ्यायची, गाठ पुढं सरकली का बघायची. गाठ सरकली नाही. नाथाजी ओल्या शेंगा फोडून खायचा. गुंडा न्हाव्यापुढं निर्धास्त बसायचा. दसऱ्याला तो काठी टेकत गावभर सोनं वाटून आला. संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यानं तिला पहिल्यांदाच इटलीचं काही सांगितलं.

"बरफ पडतं ना, तवा आवाजच येत न्हाई, साळे. सकाळी उठून बघावं तर सगळं गायब. तोफा, मुडदं, खेचरं. सगळं धुतल्यावानी."

"मग?"

"मग काय. मग ऊन पडायचं."

बाराव्या दिवशी नानासो पोस्टमन आला तो रडवेला होऊन. पाकीट त्यानं साळूबाईच्या हातात दिलं असतं, पण नाथाजी दारातच होता. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र. अर्ज मिळाला, असं त्यात होतं. तो योग्य त्या खात्याकडे रवाना केला आहे. गोळी बंद करण्याबाबत या ऑफिसकडून कोणताही हुकूम निघालेला नाही. निर्णय होईपर्यंत पूर्वीचाच इलाज चालू ठेवावा. शिक्का स्पष्ट होता. त्यातलं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

नाथाजीनं ते तिला वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं, आणि घडी करून खिशात ठेवलं. रागावला नाही. रागावला असता तर ती भांडली असती.

"डबा कुठं हाय?"

डबा तिनं दाण्याच्या कणगीत खुपसला होता. ती हलली नाही.

"साळू," तो म्हणाला, "सा वरसं बाहीर हुतो. तिकडं माणसं पळाली, लपली. माझ्या नावाम्होरं एकदाबी गैरहजेरी लागली न्हाई. आता घरात बसून लागली."

त्याचं तोंड बघून तिनं कणगीत हात घातला आणि डबा काढून त्याच्या हातात दिला. आपल्या हातानं. पुढं तिनं ही एकच गोष्ट कुणालाही नाकारू दिली नाही.

तिचा हिशेब असा होता की रोज एक तर रोज एक, मागच्यासारखे डाग उठतील, तोवर सांगलीचा डॉक्टर गाठू. तिला काय ठाऊक की चुकलेली ड्युटी भरून काढायची असते. पहिल्या दिवशी त्या दिवसाची एक आणि मागच्या चार. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी उरलेल्या तीन. आणि ते झाल्यावर नाथाजीनं डब्याचं झाकण लावून "बेबाक, हिशेब चुकता" म्हटलं, ते तिनं ऐकलं, पण तिला वाटलं तो शेतसाऱ्याचं बोलतोय.

*

दोन दिवस काहीच झालं नाही. मग नाकातून आलं, मग शौचाला काळं झालं, मग तो खाटेवरून उठेना. सुभेदारांच्या बैलगाडीतून आष्टा, तिथून मोटारीनं सांगली. वाटेत वजीर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि खड्डा आला की ड्रायव्हरला शिव्या देत होता.

सांगलीचा डॉक्टर तरुण होता. त्यानं डबा हातात घेतला, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि नाथाजीकडून भरपाईचा हिशेब ऐकून घेतला.

"औषध वाईट नाही," तो म्हणाला. "पण हे तपासणीशिवाय घेता येत नाही. आणि मागचे दिवस चुकले तर चुकले, ते कधी भरून काढायचे नसतात. एकदम पाच-पाच घ्यायला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई," नाथाजी खाटेवरून म्हणाला. "माझं मीच."

रक्त द्यायला हवं होतं. दोघांचं तपासलं. सुभेदारही बरोबर आले होते, ते वयात बसेनात म्हणून डॉक्टरशी भांडले. साळूबाईचं जुळलं नाही. तेरा वर्षांचा संसार, त्यातली सहा वर्षं वाट बघण्यात, आणि जुळलं नाही. शिंप्याचं जुळलं. त्या दिवसांत पेपरात रोज वेगळ्याच तऱ्हेच्या रक्ताच्या बातम्या होत्या. वजीर बाकावर आडवा झाला, बाही वर केली आणि म्हणाला, "काढा."

"वज्या," नाथाजी हळू आवाजात म्हणाला, "आता नमाज पडायची का रं मी?"

"रोज्यांना अजून लय अवकाश हाय गड्या. तवर बरा हो, मग बघू."

एक दिवस बरं वाटलं. पण सुई टोचलेल्या जागीसुद्धा पट्टी भिजत राहिली. रक्त गोठवायचं एक इंजेक्शन होतं, ते डॉक्टरनं तार करून मुंबईहून मागवलं. सोमवारी येईल असं उत्तर आलं.

शुक्रवारी दुपारी नाथाजीनं डोळे उघडले.

"साळे, आजची गोळी?"

"बंद," ती म्हणाली. "हुकूम आलाय."

"लेखी?"

"लेखी."

"शिक्का हाय?"

"हाय."

"कोंडवाड्याचा?"

साळूबाईनं चमकून त्याच्याकडं बघितलं.

"पैल्याच दिशी वळखला," तो म्हणाला. "आपला पाडा कोंडला हुता तवा बघिटला हुता की मी. शिंग न्हाई का त्यावर."

"मग गप का बसलात? अकरा दिस?"

"तू घोरत हुतीस." त्याला हसायचं होतं, पण ओठ फुटतील म्हणून तो थांबला. "आल्यापास्नं तुला झोपल्यालं बघिटलं न्हवतं. म्हटलं, झोपू दे. पर मग खरा कागद आला, साळू. खरा आला म्हटल्यावर मला काय करता येईना."

शनिवारचं सुरुवातीला सांगितलंच आहे. ते झालेलं नाही.

सोमवारी इंजेक्शन आलं. सांगितल्या दिवशी आलं, ठरल्या मोटारीनं आलं. डॉक्टरनं ते हातात घेतलं आणि कपाटात ठेवताना दोनदा कुलूप लावून बघितलं.

*

महिन्याभरानं रेकॉर्ड ऑफिसचा फॉर्म आला. कुटुंबाला पेन्शन हवी असल्यास मयताचं नाव, मयताची तारीख आणि मयताचं कारण भरून पाठवावं. वजीर तो घेऊन अंगणात बसला. दंडावरची सुईची खूण अजून दिसत होती.

"वैनी, तारीख लिहू?"

"न्हाई."

"मग काय लिहू?"

साळूबाईनं त्याला सांगितलं. वजीरनं दोनदा मान हलवली, एकदा डोळे पुसले आणि फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर, त्याला येत होतं तेवढ्या सरकारी मराठीत, लिहिलं:

"मेहेरबान रेकॉर्ड ऑफिसर साहेब यांचे सेवेशी, अर्जदार साळूबाई भ्रतार नाथाजी मोहिते हिचा विनंतीअर्ज ऐसा जे: आपले फॉर्मात मयत हा शब्द तीन ठिकाणी आला आहे, तो तीनही ठिकाणी रद्द करावा. सदर हवालदार याने नोकरीत असता सहा वर्षांत एकही रजा घेतलेली नाही, याची आपले दप्तरी नोंद असेलच. सबब त्यास मयत न दाखविता, शनिवार तारीख ८ नोव्हेंबर सन १९४७ पासून शिल्लक रजेवर दाखवावे. रजा संपण्याची तारीख आपण ठरवाल ती अर्जदारास मान्य राहील. फार लांबची ठरविल्यास तक्रार नाही. मात्र तारीख लेखी असावी, शिक्का वाचता येण्यासारखा असावा, आणि हजर होतेवेळी सदर इसमाकडून गेलेल्या दिवसांची भरपाई मागू नये, असा स्पष्ट हुकूम उलट टपाली होण्यास विनंती आहे."